संगणकावरच्या स्ट्रिंग्ज खऱ्या वाटाव्यात म्हणून: नव्या अरेंजरसाठी पायरीपायरीने

मुंबईत एकांकिकेचं पार्श्वसंगीत असो, मालिकेचं शीर्षकगीत असो की एखादा लघुपट, ‘इथे जरा स्ट्रिंग्ज भरा’, म्हणजे व्हायोलिन, चेलो अशा तारवाद्यांचा समूह घाला, ही मागणी येतेच. चाळीस वादक बोलावण्याइतके पैसे मात्र बहुतेक निर्मात्यांकडे नसतात. मग ते काम सॅम्पल लायब्ररीवर येतं. खऱ्या वादकांनी खऱ्या स्टुडिओत वाजवलेला एकेक स्वर मंद, मध्यम, जोरात असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. तुम्ही कीबोर्डवर पट्टी दाबली की तो वाजतो.

या क्षेत्रात येणारी मुलं सगळ्यात आधी विचारतात, ‘कुठली लायब्ररी घेऊ?’ माझ्या अनुभवाने हा प्रश्न खूप नंतरचा आहे. मोफत लायब्ररीत केलेलं भारावून टाकणारं काम मी ऐकलंय आणि महागड्या लायब्ररीत केलेलं निर्जीव कामही ऐकलंय. फरक दोन गोष्टींनी पडतो. ओळ तारवाद्यांसाठी लिहिलेली आहे का, आणि प्रत्येक स्वराला हाताने आकार दिलाय का. पुढच्या पायऱ्यांत सगळ्यात जास्त जागा मी या दोन गोष्टींनाच दिली आहे.

आधी हे जमवा

- संगणक: रॅम कमीत कमी १६ जीबी. ३२ असेल तर पाच ट्रॅक आरामात चालतात.
- लायब्ररीसाठी वेगळी एसएसडी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सॅम्पल वेळेत वाचले जात नाहीत आणि स्वर तुटतात.
- मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला स्वरांच्या सूचना पाठवणारा कीबोर्ड: ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा. मॉड्युलेशन व्हील, म्हणजे डावीकडचं फिरवायचं चाक, हवंच. दोन-तीन सरकणारे फेडर असतील तर उत्तम.
- ऑडिओ इंटरफेस आणि चांगला हेडफोन. सोसायटीत रात्री अकरानंतर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे निम्मं काम हेडफोनवरच होतं.
- डॉ (डीएडब्ल्यू), म्हणजे संगीत मुद्रित आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर: रीपर, लॉजिक, क्यूबेस, कुठलंही चालेल. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. सुरुवातीला तेवढं पुरतं.
- म्युझस्कोर: नोटेशन लिहिण्यासाठी, मोफत. याचा उपयोग शेवटी कळेल.

१. आधी खरा आवाज कानात बसवा

ज्याने स्ट्रिंग सेक्शन समोर बसून ऐकलेलाच नाही, त्याला संगणकातून काय काढायचंय ते कळणं कठीण आहे. मुंबईकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली स्थापन झालेला. त्यांच्या कार्यक्रमाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढा आणि फक्त बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज, बघा. पहिली व्हायोलिन्स एकाच दिशेला बो ओढतात, बो संपत आला की दिशा बदलते आणि त्या क्षणी आवाजात बारीकशी लाट येते. हलक्या आवाजात बो हळू सरकतो, मोठ्या आवाजात भरभर खर्च होतो. कुठलाही लांब स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहत नाही. हे डोळ्यांनी पाहिलं की पाचवी पायरी तुम्हाला निम्मी आधीच समजलेली असेल.

दुसरं, आपल्या शहराचाच वारसा ऐका. हिंदी चित्रपटसंगीतातला स्ट्रिंग सेक्शन उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांवर. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं शोधा. गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे संगीतकार झाले. त्या काळच्या गाण्यांत अंतऱ्याआधी सगळी व्हायोलिन्स एकाच ओळीत झेप घेतात, ती हॉलिवूडची पद्धत नाही. दिग्दर्शक जेव्हा ‘जुन्या गाण्यासारख्या स्ट्रिंग्ज’ म्हणतो तेव्हा त्याला हेच हवं असतं. जाड, संथ कॉर्ड त्याच्या मनात नसतात.

२. लायब्ररी: मोफतपासून सुरुवात

स्पिटफायर या कंपनीची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर मोफत आहे आणि जेमतेम २०० एमबीची. त्यात पाचही तारवाद्य विभाग वेगवेगळे मिळतात. खरा लेगाटो, म्हणजे स्वर न तोडता एकातून दुसऱ्यात जाणं, त्यात नाही, पण तिसऱ्यापासून पाचव्या पायरीपर्यंतचं सगळं तिच्यावर शिकता येतं. ते जमल्यावर पैसे खर्च करा.

विकत घेताना लोक अडकतात त्या जागा अशा:

लायब्ररी वाजवायला कॉन्टॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर लागतं. काही लायब्ररी मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालतात, काहींना पूर्ण विकतचं कॉन्टॅक्ट लागतं. मोफत प्लेअरसाठी परवाना नसलेली लायब्ररी त्यात उघडली तर पंधरा मिनिटांनी बंद पडते. विक्रीच्या पानावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतो. बँकेच्या ॲपमधून तो सुरू करून ठेवा, नाहीतर सवलतीच्या शेवटच्या रात्री व्यवहार फसतो. काही विक्रेते शेवटच्या टप्प्यावर १८ टक्के जीएसटी धरतात, तोही हिशेबात घ्या. मोठी सवलत नोव्हेंबरअखेरीस ब्लॅक फ्रायडेला येते. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या ओळखपत्रावर वर्षभर सूट देणाऱ्या कंपन्या आहेत.

बऱ्याच लायब्ररींचा परवाना दुसऱ्याला विकता येत नाही. त्यामुळे एकदा घेतली की ती तुमचीच. घेण्याआधी तिचे नुसते वाद्यांचे, बाकी काही न मिसळलेले नमुने ऐका. जाहिरातीच्या नमुन्यात ढोल, ब्रास आणि कोरस असला की स्ट्रिंग्ज कशाही असल्या तरी भव्य वाटतात.

मोठ्या लायब्ररी शेकडो जीबीच्या असतात आणि काहींना उतरवून घेताना तात्पुरती दुप्पट जागा लागते. एसएसडी लॅमिंग्टन रोडला घेतलीत तर पक्कं बिल मागा, वॉरंटीसाठी तेच लागतं.

३. पाच विभाग, पाच ट्रॅक

पहिली व्हायोलिन्स, दुसरी व्हायोलिन्स, व्हिओला, चेलो, डबल बेस. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक. लायब्ररीत ‘एन्सेम्बल’ नावाचा एकच पॅच (तयार आवाज) असतो, त्यात सगळी तारवाद्यं कीबोर्डभर पसरलेली असतात. चाल सुचताना तो वापरा. अंतिम कामात वापरू नका.

कारण साधं आहे. मोठ्या सिम्फनीत साधारण १६, १४, १२, १०, ८ अशी वादकसंख्या असते. सोळा जणांच्या व्हायोलिन पॅचवर तुम्ही तीन स्वरांची कॉर्ड दाबली की संगणक अठ्ठेचाळीस व्हायोलिनं वाजवतो. मग एकेरी ओळ आली की अचानक सोळा. कानाला नेमकं कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. खऱ्या सेक्शनमध्ये कॉर्ड आली की तेच सोळा जण आपसात वाटून घेतात आणि प्रत्येक स्वर पातळ होतो. त्यामुळे एका ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर, हा नियम पहिली काही कामं तरी कडक पाळा.

प्रत्येक वाद्य किती खाली जातं त्या मर्यादाही पाठ करा. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे मधल्या सीच्या खालची पांढरी पाच, म्हणजे जी. व्हिओला मधल्या सीच्या एक सप्तक खाली थांबतो, चेलो दोन सप्तकं खाली. डबल बेस त्याच्याही खाली ईपर्यंत जातो. मधल्या सीला काही सॉफ्टवेअर सी ३ म्हणतात, काही सी ४. म्हणून आकड्यावर न जाता मधल्या सीपासून मोजा.

४. हार्मोनियमचा हात बाजूला ठेवून लिहा

आपल्याकडे बहुतेक जण हार्मोनियम किंवा कीबोर्डवरून येतात. हाताला पंजा उचलून कॉर्ड बदलायची सवय असते. ए मायनर दाबली, मग पूर्ण हात सरकवून एफ मेजर. तारवाद्यांत ही उडी लगेच उघडी पडते, कारण तिथे एक पंजा नसून वेगवेगळी माणसं वाजवत असतात आणि प्रत्येकाला आपला स्वर जवळच्या स्वराकडे न्यायचा असतो.

तेच उदाहरण घेऊ. ए मायनरमध्ये ए, सी, ई. एफ मेजरमध्ये एफ, ए, सी. दोघांत ए आणि सी आहेतच. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना तिथेच राहू द्या. फक्त ई वाजवणाऱ्याला अर्धा स्वर वर, एफवर न्या. बेस खाली एफला जाऊ द्या. एवढ्यानेच ती जागा गाऊ लागते.

स्वरांमधलं अंतरही बघा. खाली मोकळं, वर दाट. चेलो आणि बेस यांच्यात सप्तक ठेवा. खालच्या भागात तीन स्वर जवळजवळ कोंबले की नुसता घुमारा होतो आणि मग लोक ईक्यूने, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करून, तो काढायला बसतात. लिहिण्यातला दोष ईक्यूने जात नाही.

आणि प्रत्येक ओळ गाऊन बघा. व्हिओलाचीसुद्धा. जी ओळ गाताना कंटाळा येतो ती वाजवणाऱ्यालाही येते. मधल्या ओळींना एखादा चालता स्वर, एखादा उशिरा सुटणारा स्वर द्या. मराठी भावगीतांचे जुने इंटरल्यूड ऐकलेत तर दिसेल की गायक थांबल्यावर मागची एखादी ओळ हळूच पुढे येते. ती आधीपासून चालत होती म्हणून पुढे येऊ शकते.

५. सीसी १: सगळा जीव इथे आहे

ही पायरी घाईत करू नका. एक मिनिटाच्या संगीतासाठी इथे अख्खी संध्याकाळ गेली तरी ती वाया जात नाही.

बहुतेक लायब्ररींत लांब स्वराचा जोर पट्टी किती जोरात दाबली यावर ठरत नाही. तो मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे मिडीच्या सीसी १ (कंट्रोल चेंज, नियंत्रक क्रमांक १) वर ठरतो. ० ते १२७ पर्यंत व्हील वर नेलं की मंद आवाजाच्या सॅम्पलमधून मध्यम आणि मग जोरदार सॅम्पलमध्ये प्रवास होतो. आवाज वाढतो तसा त्याचा पोतही उजळतो. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, नुसता आवाज कमी-जास्त करतं, पोत तोच ठेवतं. म्हणून भावना सीसी १ ने द्या. वाक्याचा शेवट विरवायला आणि विभागांचा तोल सांभाळायला सीसी ११ वापरा.

हार्मोनियम वाजवणाऱ्यांना हे चटकन जमतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि गाण्याचा श्वास भात्यातून येतो. तोच डावा हात आता व्हीलवर ठेवा. माऊसने रेषा काढू नका. आधी स्वर वाजवून घ्या, मग गाणं लावून व्हील हाताने फिरवत मुद्रित करा. दोनदा, तीनदा करा, जी फेरी बरी वाटेल ती ठेवा.

आकडा हवा असेल तर असा धरा. ७२ च्या लयीत (मिनिटाला ७२ मात्रा) चार मात्रांचा बार साधारण ३.३ सेकंदांचा होतो. तेवढा एक लांब स्वर असेल तर ४५ वर सुरू करा, तिसऱ्या मात्रेपर्यंत ७० ला न्या, पुढचा स्वर येईपर्यंत ५५ वर उतरा. पुढच्या बारमध्ये शिखर थोडं आधी आणा. एरवी ४० ते ९५ मध्येच राहा, ११० च्या वरचा भाग संगीताच्या सर्वोच्च क्षणासाठी राखून ठेवा. सतत ११० वर वाजणाऱ्या स्ट्रिंग्ज ऐकणाऱ्याला थकवतात, आणि शिखर आलं की चढायला जागाच उरत नाही.

नेहमी फसवणाऱ्या चार जागा सांगतो.

एक, पहिल्या व्हायोलिनची वक्ररेषा उचलून पाचही ट्रॅकवर चिकटवणं. सगळे एकाच वेळी फुगतात आणि सिंथेसायझर ऐकू येतो. प्रत्येक विभाग वेगळा वाजवा. चालता स्वर ज्याच्याकडे आहे त्याला त्या क्षणी वर येऊ द्या, बाकीच्यांना मागे राहू द्या.

दोन, गाण्याच्या सुरुवातीला सीसी १ ची किंमत न लिहिणं. मग मधून प्ले केलं की व्हील जिथे राहिलं होतं तिथून आवाज येतो. पहिल्या मात्रेआधी किंमत लिहा आणि डॉमधला चेस हा पर्याय सुरू ठेवा, म्हणजे मधून प्ले केलं तरी आधी लिहिलेली किंमत लागू होते.

तीन, एकल व्हायोलिन किंवा एकल चेलोवर व्हील फार हळू फिरवणं. मंद-मध्यम किंवा मध्यम-जोरदार अशा दोन थरांच्या सीमेवर दोन वाद्यं एकदम वाजल्यासारखी वाटतात. सेक्शनमध्ये ते लपतं, एकल वाद्यात नाही. सीमा पटकन ओलांडा.

चार, बो संपतो हे विसरणं. जोरात वाजवलेला स्वर चार-पाच बार सलग ताणू नका. जिथे बो उलटेल असं वाटतं तिथे सीसी १ मध्ये छोटी खाच द्या किंवा तोच स्वर नव्याने सुरू करा. वाक्यांच्या मध्ये हलकी फट ठेवा. व्हिब्रॅटोसाठी वेगळा नियंत्रक असेल तर स्वर कोरा सुरू करून मग त्यात कंप येऊ द्या.

६. लेगाटो आणि त्याचा उशीर

चांगल्या लायब्ररीत एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाची सरकही मुद्रित केलेली असते. ती चालू व्हायला दोन स्वरांची टोकं एकमेकांवर किंचित चढलेली लागतात. पियानो रोलमध्ये (डॉमध्ये स्वर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी खिडकी) स्वर अचूक जोडून ठेवले तर बऱ्याचदा लेगाटो लागतच नाही.

ही सरक वाजायला वेळ घेते. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज या लायब्ररीत दाबाच्या जोरानुसार सुमारे ३३३, २५० किंवा १०० मिलिसेकंद लागतात. ७२ च्या लयीत २५० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा जवळपास तिसरा हिस्सा. स्वर ग्रिडवर, म्हणजे नेमक्या मात्रेच्या रेषेवर, ठेवलात तर अख्खा सेक्शन तबल्याच्या मागे राहिल्यासारखा ऐकू येतो, आणि नवा माणूस समजतो की लायब्ररी खराब आहे. उपाय दोन. ट्रॅकला ऋण विलंब द्या (म्हणजे तो थोडा आधी वाजेल), किंवा संथ सरकेचे स्वर हाताने डावीकडे ओढा. वेगवेगळ्या उशिराचे स्वर एकाच ओळीत असतील तर दुसराच उपाय चालतो. तो किचकट आहे, पण ऐकून ओढत गेलात की दुसऱ्या-तिसऱ्या कामात हात बसतो.

७. तुटक स्वर आणि बाकी वादनपद्धती

स्पिकाटो, स्टकाटो, पिझिकाटो, म्हणजे बोच्या उडीने, तुटक बोने किंवा बोटाने छेडून वाजवलेले स्वर. यात गणित उलटं आहे, इथे जोर पट्टीच्या दाबावर म्हणजे व्हेलॉसिटीवर ठरतो. थरारदृश्याखाली सोळाव्या मात्रांची घोडदौड लिहिताना सगळे स्वर १०० व्हेलॉसिटीवर ठेवले की शिवणयंत्राचा आवाज येतो. प्रत्येक गटाचा पहिला स्वर उचला, मधले ६० ते ८० च्या दरम्यान हलते ठेवा. क्वांटाइझ, म्हणजे स्वर आपोआप नेमक्या मात्रेवर ओढणं, ८०-८५ टक्क्यांवर थांबवा. राउंड रॉबिन चालू आहे का बघा, म्हणजे एकाच स्वराला दर वेळी वेगळं सॅम्पल मिळतं.

वादनपद्धती बदलायला कीस्विच, म्हणजे स्वर न वाजवता फक्त पद्धत बदलणाऱ्या पट्ट्या, असतात. हे बदल आपोआप होण्यासाठी क्यूबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप आणि लॉजिकमध्ये आर्टिक्युलेशन सेट एकदा बसवून ठेवा, पुढे रोजचा वेळ वाचतो. आणि एकाच वाक्यात पद्धती मिसळा. सुरुवातीचा स्वर मार्काटो (ठसक्याने), मधले लेगाटो, शेवटचा साधा लांब. खरा वादक हे न सांगता करतो.

८. मींड हवी असेल तर

प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ज्यांनी मन लावून ऐकलंय, त्यांना पाश्चात्त्य लायब्ररीचा पोर्टामेंटो अपुराच वाटणार. तो दोन स्वरांमधली सरळ घसरण असतो. आपल्या मींडेत वाटेत थांबणं असतं, मधल्या श्रुतीला स्पर्श असतो. पिच बेंडची मर्यादा दोन स्वरांपर्यंत वाढवून एकल पॅचवर थोडंफार साधतं. पण दोन-तीन सुरांपलीकडे सॅम्पल ताणलं की आवाजाचा पोत बिघडतो. माझं स्पष्ट मत असं की रागाच्या अंगाने जाणारी ओळ सॅम्पलवर करूच नये. ती माणसाकडून वाजवून घ्या आणि सॅम्पल मागच्या सुरावटीला ठेवा.

९. एक खरं व्हायोलिन बोलवा

थोडे जरी पैसे असतील तर नव्या लायब्ररीआधी ते इथे घाला. पहिल्या व्हायोलिनची ओळ एका वादकाकडून तीन-चारदा वाजवून घ्या. प्रत्येक वेळी माइकचं अंतर किंवा खुर्चीची जागा थोडी बदला. हे ट्रॅक सॅम्पलच्या खाली, जेमतेम जाणवतील इतके ठेवा. बोचं घर्षण, किंचित वेगळे लागलेले सूर, हातांची असमानता हे सगळं त्यातून येतं आणि मागचा सगळा सेक्शन खरा वाटू लागतो.

मुंबईत सेशन वादक शिफ्टवर येतात. त्यांचा वेळ जपा. म्युझस्कोरमध्ये नोटेशन काढून आदल्या दिवशी पीडीएफ पाठवा. लय, बार नंबर, वाक्यांची वळणं आणि जोर त्यावर लिहा. व्हिओलावादक आल्टो क्लेफमध्ये (स्वरलिपीची एक वेगळी खूण) वाचतो आणि डबल बेस ऐकू येतो त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात, हे तपासा. क्लिक (लयीची टिकटिक) आणि मार्गदर्शक ट्रॅक वेगळा काढून ठेवा. वादक ज्येष्ठ असेल तर त्यांना विचारा, ‘हे बोइंग, म्हणजे बो कुठे उलटायचा ते, असंच ठेवू का?’ ते जे बदल सुचवतील ते तुमच्या सॅम्पलच्या ट्रॅकवरही करा. एका शिफ्टमध्ये जे शिकायला मिळतं ते इतर कुठे मिळत नाही.

घरी मुद्रण करणार असाल तर पंखा बंद, फ्रिज बंद, आणि माइक वाद्याच्या वर साधारण एक ते दीड मीटरवर.

१०. खोली आणि मिक्स

हे थोडक्यात, कारण आधीच्या पायऱ्या नीट झाल्या तर इथे फार काम उरत नाही.

अनेक लायब्ररींत वादक त्यांच्या ठरलेल्या जागी बसवून मुद्रित केलेले असतात, पहिली व्हायोलिन्स डावीकडे, चेलो आणि बेस उजवीकडे. त्यांचं पॅन (डावी-उजवी जागा) हलवू नका. कोरड्या, म्हणजे खोलीची गुंज नसलेल्या, मुद्रणाच्या लायब्ररीलाच अशी जागा द्यावी लागते. माइकचे पर्याय असतील तर आधी फक्त डेका ट्री वर, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उंचावर लावलेल्या तीन माइकच्या मांडणीवर, काम करा. शब्दांखाली स्ट्रिंग्ज पुसट झाल्या तरच जवळचा माइक थोडा मिसळा. रिव्हर्ब (गुंज) एकच, सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकना सामायिक, दोन सेकंदांच्या आसपास. लायब्ररीत आधीच हॉलची गुंज असेल तर त्यावर दुसरा मोठा हॉल चढवू नका. टोचत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये थोडं कमी करा. गढूळ असेल तर २०० ते ४०० हर्ट्झ बघा, आणि त्याआधी चौथी पायरी पुन्हा बघा.

वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा म्हणजे आवाज उशिरा येत नाही, मिक्सच्या वेळी १०२४ करा म्हणजे संगणकावर ताण कमी पडतो. चित्रासाठीचं काम असेल तर प्रोजेक्ट पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा.

११. सोपवण्याआधी

पाचही ट्रॅक एकेकटे ऐका. एखाद्या खऱ्या मुद्रणाशी आवाजाची पातळी जुळवून तुलना करा. मग फोनच्या स्पीकरवरही लावून बघा, कारण दिग्दर्शक बहुधा तिथेच पहिल्यांदा ऐकणार आहे. पूर्ण मिक्सबरोबर वरच्या स्ट्रिंग्ज, खालच्या स्ट्रिंग्ज, तुटक स्वर आणि खरं व्हायोलिन असे चार स्टेम (गटवार वेगळ्या ऑडिओ फाइल) वेगळे काढा. सगळे एकाच बिंदूपासून सुरू करा आणि फाइलच्या नावात लय व तारीख लिहा. ‘संवादाच्या वेळी व्हायोलिन जरा खाली घ्या’ असा निरोप डबिंग स्टुडिओतून आला, तर ते काम तिथल्या तिथे होईल आणि तुमची सीसी १ वरची मेहनत शाबूत राहील.